पाणी निवळेपर्यंत

चारुदत्तच्या पोटातून उतरलेलं पाणी पुन्हा गढूळ आलं, तेव्हा नीलिमानं आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मग पिशवीकडं. तिच्या शिक्षणाला शोभेल असा हा क्रम नव्हता. नमुना आधी बघावा, माणूस नंतर. पण गेले काही आठवडे तिच्या मनात जे साचत होतं, त्यानं तिची नजर परस्पर तिकडं नेली.

"कधीपासून?"

"आत्ताच दिसलं."

"सकाळचं कसं होतं?"

"ठीक होतं."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक, नीलू. लिंबाच्या सरबतासारखं."

"लिंबाचं सरबत गढूळच असतं, चारू."

एरवी तो हसला असता. आज तो भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटाशी धरून उभा राहिला. कपाळावर घाम होता आणि बाहेर तर फेब्रुवारीतला कोरडा, बोचरा वारा होता. नीलिमानं पिशवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तांदूळ धुतल्यावरचं पाणी असावं तसं पाणी. पलीकडच्या इमारतीच्या गॅलऱ्या त्यातून दिसत नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी चारुदत्तच्या किडन्या बंद पडल्या. जपानमधल्या ग्योतोकुत राहायला येऊन त्यांना तेव्हा सहा वर्षं होत आली होती. तो एका बँकेच्या प्रकल्पावर होता, आर्या इथल्याच शाळेत जात होती आणि नीलिमा आठवड्यातून काही दिवस एका बेकरीत पार्ट-टाइम करत होती. मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं तर आठवड्यातून तीनदा सेंटरला जाऊन खुर्चीत अडकून पडावं लागलं असतं. त्याऐवजी त्यानं पोटाचा मार्ग निवडला. बेंबीखाली एक मऊ नळी बसवली. तिच्यातून दिवसातून चार वेळा कोमट, साखर घातलेलं औषधी पाणी पोटात सोडायचं. आतड्यांवरचा पातळ पडदा चाळणीसारखं काम करतो आणि रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं, नवं सोडायचं. हे सगळं घरच्या घरी. नोकरी शाबूत, व्हिसा शाबूत, आर्याची शाळा शाबूत. त्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या नळीवर त्यांचा जपानमधला सगळा संसार टांगलेला होता आणि हे घरातल्या तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

नळीचे नियम कडक होते. दार बंद, खिडकी बंद, एसी बंद, तोंडावर मास्क, कोपरापर्यंत हात धुतलेले. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको. म्हणून गॅलरीलगतची तातामीची, म्हणजे जमिनीवर गवती चटया बसवलेली, छोटी खोली चारुदत्तची झाली. तिथं पाण्याच्या पिशव्यांची खोकी रचलेली असत, पिशवी टांगायचा स्टँड असे, आणि पिशव्या अंगाइतक्या कोमट करायची एक पेटी असे. तिला घरात सगळे ऊबपेटी म्हणत.

पहिल्यांदा पाणी गढूळ झालं ते नव्या वर्षाच्या सुट्ट्या संपता संपता. हॉस्पिटलात पिशव्यांमधून औषध दिलं, पाणी निवळलं, तो घरी आला. पाठोपाठ हॉस्पिटलातल्या नर्स उएदा-सान घर बघायला आल्या. इथं कुणी थेट आरोप करत नाही. प्रश्नाला आधी नमस्कार जोडतात. उएदा-साननी वाकून विचारलं की घरात मांजर तर नाही ना, म्हणजे इमारतीचा नियम त्यांना ठाऊक आहे, पण काही जण पाळतात म्हणून. मग त्यांची नजर देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या राखेवर क्षणभर थांबली. मग स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यावर. नीलिमाची कानशिलं तापली. ती पुण्यात एका औषध कंपनीत जंतूंच्या चाचण्या करायची. निर्जंतुक म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण चारुदत्तनं उएदा-सानच्या समोर सगळं करून दाखवलं तेव्हा त्या हळूच टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चारुदत्त-सान, बाकीच्या पेशंटना दाखवायला तुमचा व्हिडिओ काढायला हवा."

तो खूश झाला. नीलिमाच्या मनात मात्र तिथंच पाल चुकचुकली. कुणी बघत असताना हा इतकं निर्दोष करतो, तर मग कुणी बघत नसताना काय होतं?

तेव्हापासून ती त्याच्यावर लक्ष ठेवू लागली. कबूल केलं नसतं, पण ठेवू लागली. जेवण झाल्यावर तो खोलीत जाऊन दार लावून घेई. पाणी बदलायची वेळ नसे. "काय करतोयस?" विचारलं की, "पिशव्या मांडतोय," असं उत्तर येई. सकाळी ती उठायच्या आत तो उठलेला असे. एकदा तिनं त्याला बेसिनपाशी फडकं धुताना पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारात या माणसानं फडकं धुतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काय सांडलं?"

"काही नाही गं. पाणी."

"पाणी सांडलं तर फडकं धुवावं लागतं?"

"तू कंपनीत असताना बिचारे इन्स्पेक्टरच तुला घाबरत असतील," असं म्हणत तो निघून गेला.

मग एक दिवस आर्या शाळेतून आली, वडिलांच्या खोलीत चार्जर शोधायला गेली आणि नाक धरून बाहेर आली. "सुप्पाई," ती म्हणाली. मराठीत विचारलं तरी तिची उत्तरं हल्ली जपानीतच यायची.

"आंबट? काय आंबट?"

आर्यानं खांदे उडवले. "पापाची खोली. आंबट वास."

नीलिमा खोलीत गेली. चारुदत्तनं खिडकी उघडून ठेवली होती, वास जवळजवळ गेला होता. पण जवळजवळच. शिळ्या बिअरसारखं काहीतरी पडद्याच्या घडीत उरलं होतं. आजारी पडण्याआधी शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळी टीम प्यायला बसायची आणि तोझाई लाइनच्या शेवटच्या गाडीनं हा हसत हसत घरी यायचा. डॉक्टरांनी ते बंद केलं होतं. तिनं कपाट उघडलं, खोक्यांच्या मागं हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही. न सापडण्यानं संशय मेला नाही, उलट त्याला पाय फुटले. घरात नाही, म्हणजे बाहेर लपवतोय.

सासूबाईंचा, पद्मिनीबाईंचा, डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "नीलिमा, राग मानू नकोस, पण तू त्या बेकरीतनं आलीस की हात धुतेस ना?"

"धुते, आई."

"नाही, म्हणजे तिथं दहा जणांची वर्दळ. माझ्या चारूला लहानपणापासून बाहेरचं काही सोसत नाही."

"तुमचा चारू आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आई."

"म्हणून काय झालं? पोट तेच आहे."

म्हणजे उएदा-सानना उदबत्तीचा संशय, सासूबाईंना बेकरीचा, नीलिमाला बिअरचा. एका नळीभोवती तीन बायका तीन बाजूंनी पहारा देत बसल्या होत्या आणि पाणी गढूळ व्हायचं ते झालंच.

या वेळी दुखणं आधीसारखं नव्हतं. ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं. हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी जास्त ताकदीचं औषध सुरू केलं. पाण्यात गोल जंतूंच्या साखळ्या दिसल्या होत्या. जंतूचं नाव बाहेरच्या प्रयोगशाळेतून यायचं होतं, पण अशा साखळीवाल्यांवर हे औषध बहुतेक लागू पडतंच, असं डॉक्टर हिराबायाशींनी सांगितलं. ते बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. दर वाक्यानंतर नीलिमाला कळलं की नाही हे बघायला थांबत.

औषध लागू पडलं नाही. रोज सकाळी नर्स पिशवीखाली छापील कागद धरून बघायची आणि अक्षरं दिसायची नाहीत.

शेवटी डॉक्टरांनी नीलिमाला बाजूला बोलावून चित्र काढलं. आतडी, त्यांच्यावरचा पडदा, नळी. "पाणी असंच राहिलं तर परवा सकाळी नळी काढावी लागेल," ते म्हणाले. "जंतू नळीला चिकटून बसतात. नळी ठेवून हट्ट केला तर पडद्याचं नुकसान होतं. कधी पू साठतो, कधी आतडी एकमेकांना चिकटतात. आणि असं वारंवार झालं तर..." त्यांनी पडद्याच्या रेघेवर पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवली. रेघ जाड, काळी झाली. "पडदा असा घट्ट होतो. कोशात किडा असतो तशी आतडी त्यात आवळली जातात. मग जेवणसुद्धा पुढं सरकत नाही. हे फार थोड्यांना होतं. पण आम्हाला त्याचीच भीती असते."

"नळी काढली तर पुन्हा बसवता येते?"

"काही महिन्यांनी, पडदा चांगला राहिला तर." ते थांबले. "घरी काही वेगळं घडलं का? काहीही. लहानसं वाटलं तरी."

"नाही," नीलिमा म्हणाली आणि हे उत्तर आपण माहीत असून देत नाही, माहीत नसल्यामुळं देतोय, हे तिला बोलतानाच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शमा डबा घेऊन आली. ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, मूळची नाशिकची. तिनं येताच चपला काढता काढता विचारलं, "कसे आहेत चारुदादा?" आणि उत्तराची वाट न बघता ओट्यावर डबा ठेवला. "खिचडी आहे. इडल्या करणार होते, पण माझं पीठ कुठलं फुगायला! दगड नुसता. या थंडीत पीठ फुगवावं तर चारुदादांनीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझ्या इडल्या काय झाल्या होत्या गं, कापूस! तिथं आलेली केतकी तर म्हणाली, मी यांच्याकडंच पीठ पाठवून देते आंबवायला."

"राइस कुकरजवळ ठेवतो तो," नीलिमा सवयीनं म्हणाली. तिचं पीठ डिसेंबरपासून फुगेनासं झालं होतं. चारुदत्तनंच मग, "माझ्यावर सोड," म्हणून ते काम घेतलं होतं. ती वाटून देई, तो सकाळी डबा भरून फुगलेलं पीठ आणून ठेवी.

"छे, राइस कुकर! मी करून बघितलं ते. एका बाजूनं शिजलं मेलं. मी दादांना विचारलं तर म्हणाले, सिक्रेट आहे, नीलूलाही सांगितलेलं नाही." शमा हसली. "म्हटलं, बायकोपासून लपवून ठेवायला पुरुषांना काय काय सापडतं!"

शमा गेली. नीलिमा थोडा वेळ ओट्याशी उभी राहिली. मग ती नवऱ्याच्या खोलीत गेली आणि या वेळी तिनं कपाट उघडलं नाही, खोकीही सरकवली नाहीत. ती ऊबपेटीसमोर बसली.

पेटी वरून स्वच्छ पुसलेली होती. तिनं झाकण उघडलं, आतलं अस्तर बोटांनी उचकटलं. खालच्या शिवणीत पांढरट पापुद्रा धरला होता, रांगोळी ओली होऊन वाळावी तसा. तिनं नखानं खरवडला, थेंबभर पाण्यात भिजवला, नाकाशी नेला.

तिला आधी हसूच आलं. चांगलं खळखळून. तिच्या मनानं या माणसाच्या हातात बाटल्या दिल्या होत्या, लपायच्या जागा दिल्या होत्या, आणि हा तिथं दार लावून इडलीचं पीठ आंबवत होता! मराठी माणसाला जपानी थंडीत एक पेटी मिळाली, रात्रभर अंगाइतकी उबदार राहणारी. तिच्यात तो दुसरं काय ठेवणार?

हसू अर्ध्यात थांबलं. तिनं डोळे मिटले आणि ती मनातल्या मनात चारुदत्तच्या हातांमागून गेली. डबा उतू जातो. पीठ पिशवीच्या बाहेरच्या वेष्टणावर ओघळतं. तो ते स्वयंपाकघरातल्या फडक्यानं पुसतो, पिशवी स्वच्छ दिसते. मग मास्क लावतो, हात कोपरापर्यंत धुतो, उएदा-साननी टाळ्या वाजवाव्यात इतके नीट. आणि त्या धुतलेल्या हातांनी तेच वेष्टण फाडतो. आणि त्याच बोटांनी नळीचं टोपण काढतो.

एमएस्सीच्या वर्षी तिनं स्वतः इडलीच्या पिठातले जंतू वाढवले होते. पीठ फुगवतो तो ल्यूकोनोस्टॉक. गोल, साखळीत राहणारा, पोटात गेला तर कुणाचं काही न बिघडवणारा, म्हणजे खाल्लेल्या पोटात. त्याची एक खोड तेव्हा सरांनी पाठ करून घेतली होती. साखळीवाल्या बहुतेक जंतूंना मारणारं जे औषध, ते याच्यावर चालतच नाही. जन्मजात चालत नाही. आणि नेमकं तेच औषध चारुदत्तच्या पोटात रोज ओतलं जात होतं.

ती तशीच स्टेशनकडं निघाली.

वॉर्डमध्ये चार खाटा होत्या, मध्ये पडदे. शेजारचे म्हातारे गृहस्थ कानात इअरफोन घालून सुमोच्या जुन्या कुस्त्या बघत होते. नीलिमानं पडदा ओढून घेतला.

"ऊबपेटीत काय ठेवत होतास?"

चारुदत्तनं डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

"पेटीनं."

"डब्याला झाकण असायचं, नीलू."

"पीठ झाकणाचं ऐकतं?"

"एकदाच उतू गेलं."

"चारू."

"दोनदा. तीनदा असेल. पण मी पुसून घ्यायचो. आणि पिशवीला बाहेरून वेष्टण असतंच की. आतलं सगळं बंद असतं."

"पुसायचास कशानं?"

तो छताकडं बघत राहिला. "ओट्यावरच्या फडक्यानं."

"आणि मी तुझ्या कपाटात बिअर शोधत होते."

"बिअर?" त्याला हसू आलं आणि त्या हसण्यानं पोटातून कळ गेली. "आई गं. हसवू नकोस. बिअर सापडली असती तर बरं झालं असतं."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"पेटीत दुसरं काही ठेवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्यांनी. तुला सांगितलं असतं तर तू एका दिवसात बंद केलं असतंस."

"केलंच असतं."

"मग?" तो थोडं थांबून म्हणाला, "सगळे माझ्या हातातलं काढून घेत होते गं. ऑफिसात माझं काम निम्मं केलं, काळजी म्हणून. सामान तू उचलतेस. आर्या माझी बॅग धरते, स्टेशनवर सगळ्यांसमोर. पीठ मात्र माझ्यावाचून फुगत नव्हतं. सकाळी झाकण उघडलं की काठोकाठ आलेलं असायचं. मला बरं वाटायचं, एवढंच."

नीलिमानं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पण तिच्या डोक्यातलं घड्याळ चालूच होतं. "उद्या सकाळी नळी काढणार आहेत. डॉक्टरांना आज सांगायला हवं. औषधच चुकीचं चाललंय."

"नाही." त्यानं तिचं मनगट धरलं. हात तापलेला होता. "जंतूचं नाव येईलच ना प्रयोगशाळेतून? येऊ दे. कुठून आला हे कशाला सांगायचं? घरी करायची परवानगीच काढून घेतील. म्हणतील, हे लोक औषधाच्या पेटीत जेवण शिजवतात. आपल्यानंतर इथं जो भारतीय येईल त्याचंही ऐकणार नाहीत. आणि मी आठवड्यात तीन दिवस खुर्चीत बसलो तर प्रोजेक्टवर कोण ठेवणार? आर्याचं काय?"

"नाव येईल नळी काढल्यावर. आणि नळी गेली तर परत बसेल, पडदा खराब झाला तर काय बसवणार आहेस?"

"तू उगाच घाबरवतेस."

"मी घाबरवत नाही. मी घाबरलेय."

तेवढ्यात पडदा हलला. डॉक्टर हिराबायाशी आणि त्यांच्यामागं उएदा-सान. डॉक्टरांनी पोटाला हलकेच हात लावला, चारुदत्तनं ओठ दाबले. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

नीलिमानं ठरवून वाट पाहिली. त्यानं सांगावं, त्याच्या तोंडून जावं, असं तिला फार वाटत होतं. चारुदत्तनं तिच्याकडं न बघता म्हटलं, "दाइजोबु देस." ठीक आहे.

डॉक्टर वळले. आणि नीलिमा उभी राहिली.

"सेन्सेई, काल तुम्ही विचारलंत, घरी काही वेगळं घडलं का. घडलंय." तिच्याकडं इडलीच्या पिठाला जपानी शब्द नव्हता. तिनं सरळ सांगितलं की तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर आंबवतात. थंडीत ते फुगत नाही. "आम्ही ते पिशव्या कोमट करायच्या पेटीत ठेवत होतो."

आम्ही, असं ती म्हणाली. चारुदत्तनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

डॉक्टरांना आधी नीट कळलं नाही. "पेटीत? म्हणजे... खायचं?"

"खायचं."

उएदा-सानचा हात तोंडाशी गेला आणि लगेच खाली आला. नीलिमानं जंतूचं नाव सांगितलं, त्यावर चालू औषध का चालणार नाही तेही सांगितलं. डॉक्टरांनी नाव खिशातल्या कागदावर रोमन अक्षरांत लिहून तिच्यासमोर धरलं, बरोबर का म्हणून. मग एकदाही मान न हलवता ते बाहेर गेले.

पडद्याआड दोघं राहिले. चारुदत्त म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"नाही."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

शेजारच्या म्हाताऱ्यांचा आवडता मल्ल हरला असावा. ते "आऽ" करून हळहळले.

डॉक्टर परत आले तेव्हा प्रयोगशाळेशी बोलून आले होते. तिथल्या बशीत वाढवलेले जंतू औषधाच्या चकतीला खेटून, तिची मुळीच पर्वा न करता पसरले होते. नावावर शिक्कामोर्तब व्हायला वेळ होता, पण वाट बघण्यात अर्थ नव्हता. "औषध आत्ताच बदलतो," ते म्हणाले. "उद्याचं ऑपरेशन दोन दिवस पुढं ढकलतो. त्याहून पुढं नाही. पाणी निवळलं नाही तर नळी जाईल." मग चारुदत्तकडं बघून त्यांनी सावकाश विचारलं, "चारुदत्त-सान, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

आरोपाला नमस्कार जोडलेला नव्हता. चारुदत्तनं बिछान्यात बसल्या बसल्या मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

ताप त्याच रात्री उतरू लागला. पाणी मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवून निवळलं. पहिल्या दिवशी फरक आहे की नाही यावर नीलिमा आणि नर्स यांचं एकमत होईना. दुसऱ्या दिवशी पिशवीखालची ठळक अक्षरं वाचता आली. ऑपरेशनच्या सकाळी बारीक अक्षरंही दिसली आणि डॉक्टरांनी नळी ठेवली. पडद्यानं हे सगळं किती सोसलं, ते काही महिन्यांनी तपासण्या केल्यावर कळेल, असंही त्यांनी सांगितलं. चांगल्या बातमीला ते कधी एकटं सोडत नसत.

घरी सोडताना अट घातली. पुढचे काही महिने पाणी बदलताना घरातल्या कुणीतरी समोर बसून बघायचं, दर वेळी. उएदा-सान ते सांगताना अतिशय नम्र होत्या. व्हिडिओचा विषय त्यांनी काढला नाही. नवी पेटी मिळाली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी नीलिमा मास्क लावून तातामीवर भिंतीशी बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती या वेळी आत होती. चारुदत्तनं हात धुतले, वेष्टण पुसलं, पुन्हा हात धुतले.

"पोलीस बसलाय घरात," तो मास्कमधून म्हणाला.

"बोलू नकोस. नळी उघडी असताना बोलायचं नाही."

"अजून उघडली नाही."

त्यानं टोपण काढलं, जोडणी केली. सगळं निर्दोष. तिची नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही. त्याला ते कळत होतं आणि त्याच्या मानेवर हळूहळू लाली चढत होती. जुनं पाणी खाली उतरू लागलं. आता निदान काही वेळ करण्यासारखं काही नव्हतं. बोलायला हरकत नव्हती.

"चारू, अजून काही सांगायचं राहिलंय?"

"नाही," तो लगेच म्हणाला.

फार लगेच. प्रयोगशाळेत असं इतक्या घाईनं आलेलं उत्तर तिनं कधी मान्य केलं नसतं, चाचणी पुन्हा लावायला सांगितली असती. तिला राग आला नव्हता, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. बिअर शोधत होती तेव्हा तिला जे नको होतं, ते आता हवं होतं. तिला काहीतरी सापडायला हवं होतं.

तिनं पुन्हा विचारलं.

या वेळी त्याला वेळ लागला. त्यानं स्टँडकडं पाहिलं, मग बंद दाराकडं. "शुक्रवारी ऑफिसात जावं लागतं, तेव्हा," तो म्हणाला, "तिथल्या लहान मीटिंग रूममध्ये पाणी बदलतो ना मी. तिथला एसी खोलीतून बंद करता येत नाही. अख्ख्या मजल्याचा एकच आहे. सांगितलं असतं तर त्यांनी वेगळी खोली शोधली असती, चार जणांना विचारलं असतं. मी म्हटलं, चालतंय."

"थेट अंगावर येतो वारा?"

"डोक्यावर. बरोबर डोक्यावर."

"बरं," नीलिमा म्हणाली. "सोमवारी फोन करू त्यांना. मी करू का तू करतोस?"

"मी करतो."

"माझ्यासमोर कर."

तो मास्कच्या आत हसला की नाही हे तिला दिसलं नाही. "अजून विचार," तो म्हणाला, "पाणी उतरतंय तोवर."